दहावीनंतरच्या सुट्टीतलं पहिलं काम: मागायचं मुलानं, तपासायचं आपण

दहावीचा शेवटचा पेपर मार्चच्या मध्याला संपतो. अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत मूल चांगले तीन महिने मोकळं असतं. पहिले आठ दिवस झोपण्यात जातात, पुढचे आठ मोबाइलमध्ये, आणि मग एखाद्या दुपारी ते स्वतःच विचारतं, "आई, मी कुठे काम करू का?" आमच्या घरी हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी आला. लेक तेव्हा सोळा वर्षांची होती. माझ्या तोंडात पहिल्यांदा नकारच आला होता, आणि तो मी गिळला याचं मला आजही बरं वाटतं. ती पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात दीड महिना कामाला गेली. नंतर ओळखीतल्या चार-पाच घरांनी "तुम्ही नेमकं काय काय केलंत?" असं विचारलं. त्या सगळ्यांना सांगितलं तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

सुरुवातीलाच वाटणी करून घ्या. काम शोधणं, मागणं आणि टिकवणं हे मुलाचं. जागा सुरक्षित आहे का, कायद्यात बसतं का, पैसे नीट ठरले का, हे बघणं आपलं. ओळखीतल्या एका घरात वडिलांनीच मित्राच्या ऑफिसात शब्द टाकून मुलाला "बसायला" जागा मिळवून दिली. मुलाला तिथे कुणी काम सांगेना, कुणी रागवेना. तो महिनाभर खुर्चीत बसून परत आला.

पहिली पायरी: वय आणि वेळ

कायदा आधी समजून घ्या, कारण बाकीचं सगळं त्यावरच ठरतं. बालकामगारांविषयीचा आपला कायदा १९८६ चा. २०१६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला कुणीही कामाला ठेवू शकत नाही. सवलत आहे ती घरच्या धंद्यात हात लावण्यापुरती, तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत आणि काम धोक्याचं नसेल तर. (कलाकार म्हणून काम करणाऱ्या मुलांसाठी वेगळ्या अटी आहेत.) म्हणजे आठवीतला मुलगा घरच्या किराणा दुकानात पुड्या बांधू शकतो, शेजारच्यांच्या दुकानात नाही.

१४ ते १८ या वयातली मुलं कायद्याच्या भाषेत किशोरवयीन. त्यांना काम करता येतं, पण खाणी, स्फोटकं आणि पेट घेणारे पदार्थ, आणि कारखान्यांतल्या धोकादायक प्रक्रिया यांच्या आसपास नाही. मनाई असलेल्या कामावर ठेवणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

वेळेचे नियम मात्र फार थोड्या पालकांना माहीत असतात. रात्री ७ ते सकाळी ८ या वेळात किशोरवयीनांकडून काम करून घेता येत नाही. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, तीन तासांनंतर किमान एक तास विश्रांती. आणि ही विश्रांती धरून, कामाची वाट बघण्यात गेलेला वेळही धरून, दिवसाचे एकूण सहा तास. ओव्हरटाइम नाही. एका दिवसात दोन ठिकाणी काम नाही. आठवड्याला एक पूर्ण सुट्टी.

आता हे पुण्याच्या दुकानांना लावून बघा. जुन्या पेठांतली बरीच दुकानं दुपारी एक ते चार बंद. मालक सहज म्हणतात, "सकाळी दहा ते एक ये, मग चार ते सात." ऐकायला सहाच तास वाटतात. पण दहाला सुरू झालेला दिवस सातला संपतो, म्हणजे मधल्या वेळेसकट नऊ तास. हे बसत नाही. शिवाय मूल एप्रिलच्या उन्हात दोनदा घरी हेलपाटे घालणार किंवा बंद शटरबाहेर बसणार. म्हणून एकच वेळ मागून घ्या: सकाळचे तीन तास, किंवा संध्याकाळी चार ते सात. दुकान दिवसभर उघडं असेल तर दहा ते चार, मधे एक तास जेवणाला. आमच्या लेकीने चार ते सात घेतलं. पहिल्या कामाला तेवढं पुरतं.

दुसरी पायरी: कोणतं काम?

वाहन चालवून करायचं कुठलंही काम आधीच यादीतून काढून टाका. "फक्त जवळपास पार्सल द्यायचं आहे" असं सांगणारे बरेच भेटतात. १६ व्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरताच असतो, आणि घराघरांत असलेल्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. आणि दंडाचं सोडा, कुणाच्या तरी पार्सलसाठी आपलं मूल रस्त्यावर सापडायला नको.

लग्नसराईत केटररला वाढपी लागतात आणि रोजचे रोख पैसे मिळतात, म्हणून मुलं तिकडे ओढली जातात. सकाळच्या मुहूर्ताचं लग्न असेल आणि जेवणाची पंगत दुपारी दोनला उठणार असेल तर ठीक. संध्याकाळचं रिसेप्शन नको. तिथून घरी यायला बारा वाजतात.

मला पहिल्या कामासाठी सर्वांत आवडतं ते वह्या-पुस्तकांचं, गणवेशाचं किंवा दप्तरांचं दुकान. त्यांचा हंगाम मे ते जून, म्हणजे मुलांच्या सुट्टीतच त्यांना हात कमी पडतात. मुलाला पुस्तकांच्या याद्या तोंडपाठ असतात, ते स्वतः कालपर्यंत तेच गिऱ्हाईक होतं. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, तिथे हा हंगाम जूनच्या अखेरीपर्यंत लांबतो. मात्र नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा भर दुपारी मुलाला सायकलवर कामाला पाठवू नका, काम सावलीतलं असलं तरी.

आंब्याच्या स्टॉलवर मार्च ते मे चांगलं काम असतं. आढी उलगडायची, तयार फळ वेगळं करायचं, डागी बाजूला काढायचं, गिऱ्हाइकाला "आज खायचा की चार दिवसांनी?" विचारून डझन भरून द्यायचा. यात शिकण्यासारखं खूप आहे. मात्र जाऊन एकदा वास घ्या आणि विचारा की आंबा पेंढ्यात पिकवतात की पावडर टाकून. फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे, तरी चोरून वापरणारे आहेत, आणि त्या पुड्या हाताळायला नेमकं नवीन पोर पुढे केलं जातं.

पेण आणि आसपासच्या गावांत असाल तर गणपतीच्या कार्यशाळा आहेतच. भाद्रपदाची तयारी तिथे उन्हाळ्यात जोरात असते. नवख्याला लगेच रंगाला बसवत नाहीत, आणि डोळ्यांची आखणी तर वर्षानुवर्षं हात बसलेल्या माणसाकडेच असते. घासकाम, पांढरा हात देणं, साच्यातून निघालेल्या मूर्तीच्या कडा साफ करणं, इथून सुरुवात. घासकामाची धूळ फार उडते, तेव्हा मास्क मिळतो का ते पाहा, आणि स्प्रेच्या रंगकामापासून मुलाला लांब ठेवायला सांगा.

ज्यांना दुकानात उभं राहायचं नाही त्यांच्यासाठी घराजवळची कामं आहेत. दुसरी-तिसरीतल्या मुलांना रोज तासभर वाचून दाखवणं, पाढे घेणं. सोसायटीतल्या आजी-आजोबांना मोबाइलवर वीजबिल भरायला शिकवणं. उन्हाळी शिबिरात ताईच्या हाताखाली मदत करणं. वाचनालयात पुस्तकांना क्रमांक घालणं. पैसे कमी मिळतात, पण चौदा-पंधराच्या मुलांना मी आधी हीच सुचवते.

तिसरी पायरी: मागायला जाणं

इथेच मुलं अडतात. घरी तासन्‌तास बोलणाऱ्या मुलाला अनोळखी माणसासमोर एक वाक्य सुचत नाही. म्हणून घरी तालीम करा. आम्ही स्वयंपाकघरात केली. मी ओट्याच्या मागे दुकानदार, ती दारातून आत येणार. पहिल्यांदा ती म्हणाली, "काका, काही काम आहे का?" मी म्हटलं, "नाही," आणि भाजी चिरायला लागले. ती तशीच उभी. "काही काम आहे का" या प्रश्नाला "नाही" हे सगळ्यात सोपं उत्तर आहे. मग आम्ही वाक्यं बसवली: "नमस्कार काका. मी दहावीची परीक्षा दिली आहे. पंधरा एप्रिलपासून सात जूनपर्यंत रोज चार ते सात मी येऊ शकते. वह्यांना कव्हरं घालणं, माल लावणं, यादीप्रमाणे पुस्तकं काढून देणं मला जमेल. आठ दिवस बघून ठरवलंत तरी चालेल." नाव, वेळ, तारखा, काय येतं, एवढंच. हात मागे बांधून नाही, खांद्यावर दप्तर लटकवून नाही, आणि मैत्रिणींचा घोळका बरोबर नाही.

विचारायची वेळ नीट निवडा. दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नये, भवानी व्हायच्या आधी कुणी काही मागायला आलेलं दुकानदाराला नको असतं. संध्याकाळी सहाला गर्दी. सकाळी साडेअकराचा सुमार बरा. हंगामाच्या आधी महिनाभर विचारायचं, ऐन गर्दीत नवीन माणसाला शिकवायला कुणाला वेळ नसतो.

एका कागदावर स्वतःच्या अक्षरात नाव, वय, शाळा, येता येईल त्या वेळा आणि पालकांचा फोन नंबर लिहून न्यायचा. सुट्टीतल्या कामाला बायोडेटाची गरज नाही, पण हा कागद गल्ल्याच्या काचेखाली राहतो आणि आठवड्याने फोन येऊ शकतो. मुलीचा नंबर कागदावर देऊ नका, आपला द्या.

लेकीला पहिल्या दोन दुकानांत नकार मिळाला. मी चौकात रसाच्या गाडीपाशी थांबले होते. ती दुसऱ्या दुकानातून बाहेर आली तेव्हा डोळे भरले होते. मी आत जाऊन बोलावं असं फार वाटलं. नाही गेले. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी वर न बघता एक वही, खाकी कागद आणि कात्री पुढे सरकवली. तिने कागदाला मधोमध घडी घातली, कण्यापाशी दोन्हीकडे खाच दिली, टोकं आत वळवली. चिकटपट्टी मागितली नाही. काकांनी वही उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "कधीपासून येतेस?"

चौथी पायरी: आता आपण जायचं

मुलाने होकार मिळवला की एकदा, एकदाच, पालकांनी मालकाला भेटावं. मुलासमोर आणि आदराने. "सातच्या आत ती निघेल, आणि रविवारी येणार नाही" एवढं स्पष्ट सांगावं. किशोरवयीनांना कामावर ठेवल्यास मालकाला त्यांच्या नाव-जन्मतारखेची आणि कामाच्या वेळांची नोंदवही ठेवावी लागते, तेव्हा वयाचा पुरावा म्हणून झेरॉक्स द्या. मूळ दाखला किंवा मूळ आधार कार्ड कुणाच्याही ताब्यात ठेवायचं नाही, "दोन दिवसांत देतो" म्हटलं तरी.

भेटीत डोळे उघडे ठेवा. दुकानात त्या वेळेला आणखी कोण असतं? गोदाम कुठे आहे, तिथे एकटीला पाठवणार का? माळ्यावर चढायची शिडी धड आहे का? आणि स्वच्छतागृह कुठे आहे? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण पेठेतल्या कितीतरी लहान दुकानांना स्वतःचं स्वच्छतागृहच नसतं. मग मुली पाणी प्यायचं टाळतात, तेही ऐन उन्हाळ्यात. आमच्या बाबतीत शेजारच्या वाड्यात सोय निघाली, किल्ली काउंटरमागे असायची.

घरी मुलाशी, मुलगी असो वा मुलगा, मोकळं बोलून ठेवा: कुणाचा स्पर्श, बोलणं, रात्रीचे मेसेज खटकले तर त्याच क्षणी निघून यायचं, पगाराची पर्वा करायची नाही, घरी कुणी रागावणार नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक तिच्या मोबाइलमध्ये घालून द्या.

मोबाइलवरून "मिळणाऱ्या" कामांबद्दल मी कडक आहे. घरबसल्या टायपिंग, व्हिडिओ लाइक करण्याचे पैसे, टेलिग्रामवरची "टास्क". सुरुवातीला शंभर-दोनशे रुपये खरंच येतात, मग "जास्त कमाईसाठी" आधी पैसे भरायला सांगतात. जो काम देण्यासाठी पैसे मागतो, नोंदणी म्हणून, अनामत म्हणून, किटचे म्हणून, तो काम देत नाही. त्याहून वाईट म्हणजे "तुझं बँक खातं वापरू दे, प्रत्येक व्यवहारामागे कमिशन." यात चोरीचा पैसा मुलाच्या खात्यातून फिरतो आणि पोलीस त्याच्या दारात येतात. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

पाचवी पायरी: पैसे

"बघू, देऊ काहीतरी" यावर काम सुरू करू नये. रोजावर की महिन्यावर, किती, कोणत्या तारखेला, खाडा झाला तर किती कापणार, हे पहिल्याच दिवसाआधी ठरवा. हे मुलानेच विचारायचं. "काका, महिन्याचे किती धरू?" एवढा प्रश्न पुरतो. ठरलेलं मालकाला व्हॉट्सॲपवर नम्रपणे लिहून पाठवा: "आज बोलल्याप्रमाणे…" म्हणून. बाँड किंवा करारावर सही मागितली तर करू नका. १८ वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार कायद्याने टिकतच नाही, त्यामुळे चार-पाच महिने अडकवणारा कागद पुढे करणाऱ्याचा हेतूच सरळ नसतो.

बँकेत १० वर्षांवरचं मूल बचत खातं स्वतः उघडून चालवू शकतं, रिझर्व्ह बँकेने तशी मुभा दिली आहे. मर्यादा प्रत्येक बँक आपापली ठरवते. पैसे मुलाच्या खात्यात जाऊ द्या. आणि कृपा करून ते पैसे घरखर्चात धरू नका, "निदान क्लासची फी तरी भर" असंही म्हणू नका. घरची गरज खरी असेल तर ते कामाला लागायच्या आधी बसून मोकळेपणाने ठरवा. नंतर कळलं तर मुलाला फसवल्यासारखं वाटतं.

सहावी पायरी: पहिला आठवडा

पहिल्या दिवशी पाय दुखतात. तीन तास उभं राहायची सवय नसते. बंद, जुने, मऊ बूट घालायला द्या, नवे नकोत. पाण्याची बाटली आणि डबा. दुकानात असेपर्यंत मोबाइल पिशवीत. दहा मिनिटं आधी पोचायचं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा फडकं घेऊन शेल्फ पुसायचं किंवा विस्कटलेला गठ्ठा सरळ करायचा. "आता काय करू?" हे तिसऱ्यांदा विचारायची वेळ येऊ नये.

गल्ल्यावर बसवलं तर एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. लेकीच्या चौथ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने दोनशेची नोट दिली, तिने ती गल्ल्यात टाकली, तो म्हणाला पाचशे दिले होते, आणि तिने घाबरून पाचशेच्या हिशोबाने सुट्टे दिले. रात्री तीनशे कमी. ती घरी येऊन म्हणाली, "तू देशील का? मी गुपचूप ठेवून देईन." मी दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः काकांना सांगितलं. ते रागावले, पगारातून कापेन म्हणाले (शेवटी निम्मेच कापले), आणि मग तिला पद्धत दाखवली: नोट हातात घेतली की मोठ्याने म्हणायचं, "दोनशे दिलेत." नोट गल्ल्याच्या फळीवर दिसेल अशी ठेवायची. सुट्टे मोजून गिऱ्हाइकाच्या हातात दिल्यावरच ती नोट आत टाकायची. तीनशे रुपयांचा हिशोब पुन्हा कधी चुकला नाही.

पालकांनी या आठवड्यात दुकानात फोन करायचा नाही, उशीर झाल्याशिवाय. संध्याकाळी "काय झालं आज?" विचारून ऐकायचं. तक्रार आली की दोन भागांत वेगळी करा. कंटाळा, दमणं, मालकाचं तिरसट बोलणं, हे आठ-दहा दिवस सोसून बघण्यासारखं. वेळेपेक्षा जास्त थांबवणं, ठरलेले पैसे टाळणं, घाणेरडं बोलणं, अवजड पोती उचलायला लावणं, हे अजिबात नाही. पहिल्या प्रकारात मुलाला बोलू द्या, दुसऱ्यात आपण जा.

अकरावीच्या प्रवेशाच्या तारखा आधीच सांगून ठेवा. २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात हे प्रवेश ऑनलाइन आहेत, कागदपत्रं पडताळायला आणि प्रवेश नक्की करायला एखाद-दोन दिवस जातातच. आयत्या वेळी मेसेज टाकून खाडा करण्यापेक्षा आठवडाभर आधी समोर उभं राहून सुट्टी मागितली तर कुणी नाही म्हणत नाही.

काम सोडताना

सोडायची तारीख सुरुवातीलाच ठरली असली तरी दहा दिवस आधी पुन्हा आठवण करायची. शेवटच्या दिवशी हिशोब पूर्ण घ्यायचा आणि दुकानाच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून मागायच्या: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे काम केलं, वागणूक चांगली. आमच्या काकांकडे लेटरहेड नव्हतं. त्यांनी बिलबुकातलं एक पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूला चार ओळी लिहिल्या, खाली सही करून दुकानाचा शिक्का मारला आणि म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत येणार असशील तर दसऱ्याआधी सांग, कंदिलांचा माल तेव्हाच लावतो."